आम्हीच पाठवतो की

बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका गावात घरोघरच्या पाहणीचं काम करत होते तेव्हाची गोष्ट. ऑगस्ट संपत आलेला, पावसानं ओढ दिलेली, सोयाबीन दुपारी माना टाकायचं आणि रात्री जरा सावरायचं. ओसरीवर एक मावशी लसूण सोलत होत्या आणि मी त्यांच्यासमोर पोत्यावर बसले होते, मांडीवर टॅब. घरात कोण कोण, वयं किती, शिक्षण किती, शेत किती, असं करत करत आम्ही गावाबाहेर राहणाऱ्यांच्या चौकशीवर आलो. थोरला पुण्यात असतो, हे मावशींनी आधीच सांगितलं होतं. मी वाचलं, ‘बाहेरगावी असलेल्या व्यक्तीने गेल्या वर्षभरात घरी एकूण किती पैसे पाठवले?’ मावशींनी लसणाचं टरफल फुंकरीनं उडवलं आणि म्हणाल्या, “त्यो कशाचा पाठवतो माय? आम्हीच पाठवतो की त्याला!” आतून सुनेच्या हसण्याचा आवाज आला. मीही हसले. शून्य टाकलं, पुढचं पान उघडलं. पुढचा प्रश्न छपराचा होता. पत्रे, स्लॅब की माळवद?

शून्य नियमाप्रमाणे बरोबरच होतं.

पण परतीच्या काळीपिवळीत ते काही डोक्यातून जाईना. थोरला सदाशिव पेठेत राहून ‘कंबाईन’ची, म्हणजे एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची, तयारी करत होता. कॉटबेसिसची खोली, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज. महिन्याला आठ-नऊ हजार जातात आणि कुठं गेले ते कळत नाही, असं मावशीच म्हणाल्या होत्या. शिवाय अधूनमधून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तुपाची बरणी. क्लीनरच्या हातावर शंभराची नोट टेकवायची, पोराला फोन करून गाडीचा नंबर सांगायचा आणि पहाटे स्वारगेटला उतरवून घ्यायचं. हे सगळं कशाच्या जोरावर? तर धाकटा आणि त्याची बायको ‘उसाला’, म्हणजे ऊसतोडीला, जातात. येत्या हंगामाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, जुलैमध्येच घेतली होती. त्यातले थोडे सोसायटीत भरले, थोडे मावशींच्या गुडघ्याला लागले आणि उरलेले हप्त्याहप्त्यानं पुण्याला चालले होते. म्हणजे सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याशा कारखान्याचा पैसा ऊस तुटायच्या चार महिने आधी धारूरला येतो आणि तिथून पुण्याच्या अभ्यासिकेत जातो. माझ्या टॅबवर थोरल्यापुढं शून्य होतं. धाकट्याची तर बाहेरगावी असल्याची नोंदच नव्हती, कारण त्या वेळी तो समोरच म्हशीला पाणी पाजत उभा होता.

पाठवलेल्या पैशांचा अभ्यास हा तसा मोठ्या लोकांचा विषय. त्याची मापं देशाच्या हिशेबात असतात, डॉलरमध्ये असतात. मी त्यातली शेवटच्या पायरीवरची, उंबऱ्यावर बसून प्रश्न वाचणारी. पण उंबऱ्यावर बसलं की एक गोष्ट फार लवकर लक्षात येते. पैसा ज्या वाटेनं जातो ती वाट मोजणं सोपं असतं, आणि तो ज्या घरात शिरतो ते घर मोजणं महाकठीण. सोपं ते आधी मोजलं जातं. मग हळूहळू तेवढंच खरं वाटायला लागतं.

आमच्या लहानपणी वाट एकच होती आणि ती अख्ख्या गावाला दिसायची. चुलते भोसरीत कंपनीत होते, त्यांची मनिऑर्डर यायची. पोस्टमन सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसायचा, शाईचं पॅड उघडायचा, आजीचा अंगठा धरून त्या जांभळ्या शाईत दाबायचा आणि फॉर्मवर उठवायचा. मग नोटा मोजून द्यायचा आणि चहाची वाट बघत रेंगाळायचा. फॉर्मच्या तळाशी चार ओळींचा मजकूर असे, तोही तोच मोठ्यानं वाचायचा, म्हणजे शेजारच्या दोन घरांनाही समजायचं की औंदा दिवाळीला चुलते येणार नाहीत. आजी तो अंगठा दिवसभर पदराला पुसत राहायची. १८८० सालापासून चालत आलेली ती जुन्या पद्धतीची मनिऑर्डर २०१५ मध्ये टपाल खात्यानं बंद केली. पोस्टाच्या दप्तरात रकमा सापडतील. पण त्या दोनशे रुपयांतले पन्नास आजी उतरंडीतल्या तिसऱ्या मडक्यात ठेवायची, त्यातून आत्याच्या बाळंतपणाचा खर्च निघाला आणि आजोबांना ते शेवटपर्यंत कळलं नाही, हे कुठल्याही दप्तरात नाही. ते कुणी आजीला एकटीला गाठून विचारलं असतं तरच कळलं असतं.

मधल्या काळात वाटा वाढत गेल्या. एसटीच्या ड्रायव्हरकडं पाकीट द्यायचं. गावाकडं निघालेल्या माणसाच्या हाती द्यायचे. मग बँका जोडल्या गेल्या तेव्हा पुण्यात बसून किराणा दुकानदाराच्या खात्यात भरायचे आणि दुकानदारानं इकडं रोख द्यायची, हजाराला दहा रुपये कापून. आता तर सगळं फोनवर आलंय. पण दुकानदार मधून गेलेला नाही. फोन नातवाकडं असतो, खातं मुलाच्या नावावर असतं आणि मीठमिरची लागते ती म्हातारीला. मग मुलगा चाकणहून दुकानदारालाच ऑनलाइन पाठवतो आणि दुकानदार वहीत म्हातारीच्या नावापुढं जमा मांडतो. बँकेच्या नजरेतून हा एका दुकानाचा गल्ला झाला. एका आईला मुलानं पाठवलेला पैसा बँकेला त्यात कसा दिसणार?

आमच्या गावी बँकमित्राकडं सोमवारी बायकांची रांग असते. अंगठ्याचं ते मशीन, कामानं झिजलेले अंगठे, ‘पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा’ असा त्याचा घोषा. एकीनं पासबुक वाचायला दिलं म्हणून मी एकदा ते पुरं वाचलं. दोन हजार पीएम-किसानचे, पंधराशे लाडक्या बहिणीचे, मध्येच साडेतीन हजार कुणीतरी टाकलेले, मग बचत गटाचा हप्ता गेलेला, मग पुन्हा हजार. “हे साडेतीन कुणाचे?” मी विचारलं. “जावयानं टाकले. आम्ही त्येला ट्रॅक्टरच्या वेळी दिले होते, त्येतले.” आणि हे हजार? “ते मव्हेच. पोरीच्या खात्यावरून इकडं घेतले.” खातं सगळं खरं सांगत होतं, पण एकाही रकमेचं नातं सांगत नव्हतं. जावयाचे साडेतीन हजार ही उसनवारीची फेड, मदत की घरी पाठवलेला पैसा? हे त्या बाईच्या तोंडूनच कळणार, आणि तीही ते रांगेत उभ्या असलेल्या शेजारणीच्या कानावर जाऊ देणार नाही.

बँकांकडून घेतलेल्या आकड्यांची गंमत देशाच्या पातळीवरही बघायला मिळते. परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांबद्दल रिझर्व्ह बँक अधूनमधून बँकांना विचारून पाहणी करते. २०१६-१७ मध्ये राज्यांत केरळ पहिला होता, देशात आलेल्या पैशातला त्याचा वाटा १९ टक्के, महाराष्ट्राचा १६.७. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्र एकदम ३५.२ टक्क्यांवर आणि केरळ १०.२ वर. पुढं २०२३-२४ मध्ये महाराष्ट्र २०.५, केरळ १९.७. कोविडच्या दिवसांत आखातातून माणसं परतली, नोकऱ्या गेल्या, हे खरं. तरी चार वर्षांत महाराष्ट्रातली एवढी माणसं परदेशी गेली आणि पुढच्या तीन वर्षांत परत आली, असं काही मला आजूबाजूला दिसलं नाही. पैसा कुठल्या बँकेतून देशात आला ते या आकड्यांत दिसतं, आणि मोठमोठ्या बँकांची मुख्यालयं मुंबईत आहेत. त्या वीस टक्क्यांतला किती पैसा मुंबई-पुण्यात थांबला आणि किती परभणीच्या गल्लीत किंवा नांदेडच्या देगलूर नाक्याला पोचला, हे त्यातून काढायला जाणं म्हणजे गावाच्या टाकीच्या नळाला मीटर लावून कुणाच्या घरी किती घागरी भरल्या ते सांगण्यासारखं आहे.

केरळनं हे फार आधी ओळखलं. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमधून के. सी. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांनी १९९८ साली केरळ मायग्रेशन सर्व्हे सुरू केला, दहा हजार घरांत जाऊन. पुढं दर पाचेक वर्षांनी तो होत राहिला. २०२३ च्या फेरीत वीस हजार घरं होती. राज्यात येणारा पैसा २०१८ मध्ये ८५,०९२ कोटी होता तो २०२३ मध्ये २ लाख १६ हजार ८९३ कोटींवर गेला, असा त्यांचा अंदाज. आकडा मोठा आहेच, पण मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. घरी पोचलेला पैसा आणि राज्यात आलेला एकूण पैसा हे दोन आकडे ते वेगवेगळे मांडतात. कारण खर्चासाठी घरी दिलेले पैसे घरातला माणूस सांगू शकतो, पण मुलानं स्वतःच्या नावावर बँकेत ठेवलेली ठेव त्याच्या बायकोलाही ठाऊक असेलच असं नाही. घराला काय माहीत असतं आणि काय नसतं, दोन्ही धरून चाललं की असा हिशेब होतो. पाव शतक पुन्हा पुन्हा त्याच राज्याच्या दारात जाणं हे काम चिकाटीचं आहे. आपल्याकडं एकेक पाहणी येते, टॅब घेऊन पोरी-पोरं फिरतात, दुष्काळाच्या वर्षी बातम्या होतात आणि मग पुढच्या दुष्काळापर्यंत सगळं शांत.

आपल्याकडं राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत, जुलै २००७ ते जून २००८ या काळात, स्थलांतर आणि बाहेरून येणारा पैसा यांची तपशिलात चौकशी झाली होती. पैसे किती आले, कशावर खर्च झाले, सगळं विचारलं होतं. तिथंही ऊसतोडीच्या माणसाची पंचाईत होतीच. कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकात जेवणारी माणसं. महिनाभराहून जास्त पण सहा महिन्यांहून कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेला माणूस म्हणजे अल्पकाळ बाहेर गेलेला, पण कुटुंबातलाच. मग त्यानं आणलेला पैसा ‘पाठवलेला’ नाही, ती घरची कमाई. व्याख्येला कुठंतरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दसरा-दिवाळीच्या आसपास गेलेली टोळी गुढीपाडव्याला परतते, कधी त्याआधी, कधी नंतर. ऊस किती आहे त्यावर ते ठरतं. २०२१-२२ मध्ये ऊस एवढा झाला की राज्यातलं गाळप जूनपर्यंत लांबलं. तोच माणूस, तोच कोयता, तीच कोपी, पाचटाची ती झोपडी. ऊस कमी असला की तो घरचा आणि ऊस मोप झाला की तो सहा महिन्यांची रेघ ओलांडून बाहेरचा.

आणि मुळात इथं पैशाचं वेळापत्रकच उलटं आहे. जगभरच्या बहुतेक प्रश्नावल्यांत माणूस आधी जातो, कमावतो आणि मग पाठवतो. आमच्याकडं पैसा आधी येतो, माणूस मागाहून जातो. जून-जुलैत पेरणी, शाळा, दवाखाना सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा कारखान्यासाठी टोळ्या जमवणारा मुकादम दारात असतो. एका मुकादमाची वही मी नीट पाहिलेली आहे. लाल पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली, मध्ये रबर लावलेलं. प्रत्येक कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, एक पान. वर नाव नवऱ्याचं. खाली उचल: इतक्या तारखेला पन्नास हजार, पोळ्याला वीस, दसऱ्याला गाडीत बसताना पुन्हा वीस. त्याखाली हंगामातला बाजारहाट, दवाखाना, मयताला गावी जाऊन आला त्याचे खाडे. उजव्या बाजूला टन. शेवटच्या ओळीत एकतर ‘फिटली’ किंवा पुढच्या सालासाठी ‘बाकी’. बहुतेक पानांवर बाकी होती. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली तेव्हा मी त्या मुकादमाला विचारलं, आता बाकी कमी होईल ना? तो म्हणाला, “ताई, दर वाढला तशी उचलबी वाढली. लोकं लाखाच्या खाली बसत नाहीत गाडीत.” तो बोलला त्यात त्याचा स्वार्थ होता, पण खोटं नव्हतं.

या वहीत जे आहे ते कुठल्याच बँकेत नाही. आणि जे वहीतही नाही ते घरात आहे. उचलीतले पैसे गेले कुठं? एका घरात त्यातून मुलीचं लग्न झालं होतं. एका घरात बोअर घेतला आणि तो कोरडा गेला. एका घरात मायक्रोफायनान्सच्या मॅडमचा आठवड्याचा हप्ता उचलीतून फिटत होता, म्हणजे कर्ज काढून कर्ज. एकानं लातूरच्या क्लासची फी परस्पर भरली होती. पोरगी अकरावी सायन्सला, तिथं होस्टेलला. घरात रोकड आलीच नाही, त्यामुळं पैसे आले का म्हटल्यावर घरच्यांनी नाही म्हणून सांगितलं. पैसे आलेच नव्हते, पावती आली होती. अशी उत्तरं खोटी नसतात. आपण विचारतो पैशाबद्दल, त्यांच्या डोक्यात काम असतं. फी भरली का, लग्न झालं का, पत्रे आले का. म्हणून काही दिवसांनी मी स्वतःपुरती एक सवय लावून घेतली. किती आले हे आधी विचारायचंच नाही. औंदा घरात काय काय नवं झालं ते विचारायचं, आणि मग एकेका गोष्टीचा पैसा कुठून आला त्याचा माग काढायचा. वेळ दुप्पट लागतो आणि सुपरवायझर ओरडतो, तो भाग वेगळा.

बायकांचं तर आणखी निराळं. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. ती पहाटे तीनला उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे करते. वहीत तिचं नाव नाही. हिशेब नवऱ्याच्या हातात. एकीला मी विचारलं, तुमची स्वतःची कमाई किती धरू? ती बावचळली नाही की लाजली नाही. सरळ म्हणाली, “वाढ्याची धरा. तेवढीच माझ्या हातात येती.” टनामागच्या मजुरीतला अर्धा भाग तिचा असूनही तिच्या लेखी कमाई ती, जी हाताला लागते. घराला एक युनिट धरून एकच आकडा घेतला असता तर हे उत्तर त्यात विरघळून गेलं असतं. म्हणजे घरात जाणं पुरत नाही. घरात गेल्यावर कुणाशी बोलता, तेही बघावं लागतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची तपासणी झाली तेव्हा गर्भाशय काढून टाकलेल्यांचा आकडा तेरा हजारांवर गेला. विचारल्या गेलेल्या बायका ऐंशी हजारांहून जास्त. त्या शस्त्रक्रियांचा खर्च कित्येकींनी उचलीतूनच केला. त्याआधी हा आकडा दवाखान्यांत विखुरलेला होता, मुकादमांच्या वह्यांत ‘दवाखाना’ या एका शब्दात होता. बाई-बाईला विचारलं तेव्हा तो एका जागी आला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या सगळ्याची परीक्षाच झाली. टोळ्या कारखान्यांवर अडकल्या. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं त्यांना गावी जाऊ द्यायचं ठरवलं, एक लाखाहून अधिक माणसं होती. त्यांचा आकडा कारखान्यांकडून आला. गावाकडं कुणाच्या घरची किती माणसं बाहेर आहेत आणि त्यांच्या जिवावर आणखी कोण कुठं शिकतंय, याची यादी नव्हती. त्याच सुमारास सदाशिव पेठेतल्या खोल्याही रिकाम्या होऊ लागल्या. पेपरात या दोन वेगळ्या बातम्या होत्या, एक मजुरांची आणि एक विद्यार्थ्यांची. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ती एकच बातमी होती. कोपीतला भाऊ आणि कॉटवरचा भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतरानं एकाच ओसरीवर येऊन बसले आणि दोघांच्या मध्ये कधी कुणी न मोजलेली ती रक्कम उघडी पडली.

मला वाटतं, पाठवलेल्या पैशाकडं आपण नको इतकं कौतुकानं बघतो. गाव सोडून गेलेला पोरगा, त्याचे कष्ट, त्यानं आईला पाठवलेली रक्कम. कौतुकात वाईट काही नाही. पण त्यामुळं उलट्या दिशेनं जाणारा पैसा झाकला जातो. चाकणला नवा लागलेला पोरगा पहिले काही महिने घरूनच पैसे मागवतो, डिपॉझिट भरायला, गादी घ्यायला. आमच्या मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतानं पुण्याच्या किती खोल्यांची भाडी भरली असतील, याचा हिशेब कुणी मांडला तर पुणेकर आमच्याशी जरा नीट बोलतील, अशी माझी एक खाजगी समजूत आहे.

आणि लेकींचा पैसा. २०११ च्या जनगणनेत देशातले सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून मोजले गेले. त्यात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त, कारण लग्न. मीही त्यातलीच एक, अंबाजोगाईहून लातूरला आलेली. मी दर महिन्याला माहेरी पैसे पाठवते. फार नाही, आईच्या गोळ्या आणि लाइटबिल भागेल इतके. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही. आई गावात सांगते, सोयाबीनचे आले. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये असं मानणाऱ्या पिढीतली ती. गोळ्या मात्र घ्याव्या लागतात. गेल्या उन्हाळ्यात मी कूलर घेऊन दिला तर तो शेजारणीला ‘भावानं पाठवला’ म्हणून दाखवला गेला. भाऊ गालातल्या गालात हसत होता. मला राग आला, आणि थोडं बरंही वाटलं, कारण आईचं घर ताठ राहिलं. उद्या तिच्या दारात माझ्यासारखीच कुणी टॅब घेऊन बसली आणि विचारलं, की लग्न होऊन गेलेली मुलगी पैसे पाठवते का, तर आई काय सांगेल ते मला आत्ताच ठाऊक आहे. किती घरांतली अशी उत्तरं ठरलेली असतील? विचारणारी बाई असेल, घाईत नसेल, समोर भाऊ-भावजय नसतील, पुन्हा दुसऱ्या वर्षीही तीच येईल, तर कदाचित तिसऱ्या चहाला खरं बाहेर पडेल. यातली एकही गोष्ट टॅबमध्ये बसवता येत नाही. तो नेमायच्या माणसांचा आणि त्यांच्या पगाराचा प्रश्न आहे.

आता जनगणना येतेय. त्यात बाहेरून आलेल्या पैशाचा प्रश्न नसतो, माणसं मोजायची असतात. मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे गाळपाच्या ऐन भरात. आमच्या माहेरच्या शेजारी बप्पा आहेत, नवरा-बायको वर्षानुवर्षं उसाला जातात. मी त्यांना समजावून सांगत होते, की मोजणीचे सगळे दिवस माणूस घराबाहेर असला तर तो जिथं सापडेल तिथं मोजला जातो. म्हणजे तुम्ही दोघं कारखान्याच्या माळावर, कोपीत.

बप्पांनी तंबाखू मळत विचार केला. “मग हितं आमच्या घरी कोण दावणार?”

“तुमची आई. आणि दोन लेकरं.”

“म्हंजे म्हातारीच कर्ती झाली म्हणा की.”

“कागदावर तसंच.”

“होऊ द्या. तसंबी घर तीच चालवती.” मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, “पण त्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर, घरकुलाच्या यादीत, तिथं तेवढं माझं नाव राहील ना? का तेबी कोपीवर टाकतेत?”